सात भाग सातच राहू द्या : 'डॉक्टर हू'चा जुना ठेवा सांभाळणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बीबीसीचा चित्रसंग्रह सांभाळणारे आणि 'डॉक्टर हू'च्या जुन्या कथा प्रेक्षकांपर्यंत पोहोचवणारे सर्व अधिकारी

विषय : १९६३-६४ची 'द डालेक्स' ही कथा आजच्या मुलांपुढे कोणत्या रूपात ठेवावी

सप्रेम नमस्कार.

२३ नोव्हेंबर २०२३ रोजी, 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेच्या साठाव्या वाढदिवशी, आपण बीबीसी फोरवर 'द डालेक्स'ची रंगीत आवृत्ती दाखवली. मूळ कथा सात भागांची, प्रत्येक भाग साधारण २५ मिनिटांचा. ती आपण ७५ मिनिटांत बसवली. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये 'द वॉर गेम्स'च्या दहा भागांचे असेच ९० मिनिटांत आटोपशीर रूप केले. त्यामागची कळकळ आम्हाला समजते. कृष्णधवल चित्र आणि संथ चाल पाहून आजची मुले उठून जातील, मग निदान एवढे तरी पाहू देत, असा तो विचार.

हे पत्र लिहिणारे आम्ही सगळे कुणाची मावशी, कुणाचा काका, कुणाचे आजोबा आहोत. कोणी पुण्या-नाशकात, कोणी लंडन-लेस्टरमध्ये, कोणी न्यू जर्सीत. घरातल्या आठ ते बारा वर्षांच्या मुलांना शेजारी बसवून जुने 'डॉक्टर हू' पुन्हा पाहणे हा आमचा आवडीचा उद्योग आहे आणि त्यातले बारकावे आम्हाला पाठ आहेत. आमचे म्हणणे असे की मूल कृष्णधवल चित्राला कंटाळत नाही आणि संथपणालाही फारसे कंटाळत नाही. ते वैतागते ते चुकीच्या मापाने ताणलेल्या चित्राला, न कळणाऱ्या संवादांना आणि एका दमात तीन तास बसवून ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांना. या तिन्हींवर उपाय आहेत आणि त्यांतल्या एकालाही कात्री लागत नाही.

आधी कथेबद्दल. डॉक्टर, त्याची नात सुझन आणि तिचे शिक्षक इयन व बार्बरा हे चौघे टार्डिस या यानातून एका ग्रहावर येतात आणि धातूच्या कवचातल्या शत्रूंच्या, म्हणजे डालेकांच्या, तावडीत सापडतात. टेरी नेशन यांनी ती लिहिली तेव्हा सातही भागांना स्वतंत्र नावे होती आणि प्रत्येक भागाच्या शेवटी पुढच्या भागाचे नाव पडद्यावर येई. पहिल्या भागाचे नाव 'द डेड प्लॅनेट'. जळून दगड झालेले जंगल, दूरवर धातूचे शहर, आणि त्या शहराच्या बुटक्या वाटांमध्ये एकटी पडलेली बार्बरा. दारे मागून बंद होत जातात. शेवटी ती भिंतीला पाठ लावून किंचाळते आणि आपल्याला दिसतो तो फक्त तिच्या दिशेने येणारा एक दांडा, टोकाला गोल रबरी बूच. भाग संपतो. हे २१ डिसेंबर १९६३ला दाखवले गेले. समोर नक्की काय होते ते कळायला प्रेक्षकांना २८ डिसेंबरपर्यंत थांबावे लागले. डालेक पूर्ण दिसतो तो दुसऱ्या भागात.

आजच्या मुलाला डालेक खेळण्यांतून, टी-शर्टांवरून आधीच माहीत असतो हे खरे. तरीही तो दांडा पाहिल्यावर "हा तोच ना?" असे विचारून ते दुसऱ्या दिवसाची वाट पाहते. ७५ मिनिटांच्या सलग आवृत्तीत हा थांबा उरत नाही. किंकाळीपाठोपाठ उत्तर मिळते आणि प्रश्न पडायला वेळच मिळत नाही.

बाकीचे शेवटही पाहा. तिसऱ्या भागाच्या अखेरीस झग्याखालून एक नखाळ पंजा हळूच बाहेर येतो. चौथ्याच्या अखेरीस सगळे सुटून जंगलात पोहोचलेले असतात, निघायची तयारी होते, आणि इयनला आठवते की टार्डिसचा 'फ्लुइड लिंक' हा आवश्यक सुटा भाग डालेकांच्या ताब्यात राहिला आहे. पाचव्यात तळ्याकाठून किंकाळी ऐकू येते. सहाव्यात दोर कमरेला बांधलेला अँटोडस, ग्रहावरच्या थाल जमातीतला एक सोबती, दरीत लोंबकळतो आणि त्याच्या वजनाने इयन कड्याकडे ओढला जातो. या कथेची बांधणीच अशी आहे की दर २५ मिनिटांनी जीव टांगणीला लागावा. शेवटाच्या आधीची दहा मिनिटे त्या क्षणाकडे जात असतात आणि पुढच्या भागाची पहिली मिनिटे त्यातून बाहेर येतात. जोडकाम करताना हे शेवट काढले, की त्यांच्याकडे नेणारी चढण विनाकारण लांबलेली वाटू लागते, मग तीही काढावी लागते. १०० मिनिटे अशी जातात.

आता एक प्रसंग जरा जवळून सांगतो, कारण मुलांच्या बाबतीत आमचा सगळा भरवसा त्यावर आहे. तिसरा भाग, 'द एस्केप'. चौघे कोठडीत आहेत. डालेक ये-जा करतात तेव्हा एक उग्र वास येतो, हे त्यांच्या लक्षात येते. कसला वास? जत्रेतल्या टकरा देणाऱ्या गाड्यांचा. ज्या मुलाने त्या गाड्या चालवल्या आहेत त्याला हा वास लगेच आठवतो. त्या गाडीत वीज येते वरच्या जाळीतून, मागच्या दांडीमार्गे मोटारीत, आणि परत जाते खालच्या लोखंडी पत्र्यातून. डालेकला तर दांडी नाही. जमीन तेवढी धातूची. मग मंडल पूर्ण कसे होते? डॉक्टरचा तर्क असा की यांनी स्थितिक विजेवर चालण्याची युक्ती साधली आहे आणि ती त्यांना जमिनीतूनच मिळते. म्हणजे जमिनीशी संबंध तोडला की डालेक थंड.

आणि मग कोठडीत जे काही आहे त्यातून योजना आखली जाते. सुझनच्या बुटांना लागलेला चिखल डोळ्याच्या भिंगावर थापायचा, म्हणजे डालेकला दिसणार नाही. थाल जमातीच्या ॲलिडॉनने सुझनला दिलेला झगा जमिनीवर पसरायचा आणि डालेकला त्यावर ढकलायचे. बस. ना किरणशस्त्र, ना जादूची कांडी. चिखल, झगा आणि एक निरीक्षण. हा प्रसंग सुरू होताना चित्र थांबवून मुलाला विचारावे, "तू काय केले असतेस?" उत्तरे भन्नाट येतात: रबरी चपला, पाणी ओतणे, प्लास्टिकची चादर. पाणी ओतले तर काय होईल यावर चांगला वाद घालता येतो. त्यानंतर इयन रिकाम्या डालेकमध्ये शिरतो आणि पुढच्या भागात शत्रू जमिनीतच चुंबकत्व सोडून त्याला जागच्या जागी खिळवतो, तेव्हा मुलाला ते आपल्यावर उलटलेले वाटते. या प्रसंगाला वेळ लागतो आणि तो वेळ विचाराचा आहे. इथे घाईने दृश्ये जुळवली तर कृती उरते, तर्क जातो.

मधला भाग ढेपाळतो हे आम्ही नाकारत नाही. पाचवा आणि सहावा भाग, म्हणजे दलदल आणि गुहांमधून शहराच्या मागच्या बाजूला पोहोचण्याचा प्रवास, लांबलेला आहे. आपली कात्री मुख्यतः तिथे चालली यात आश्चर्य नाही. पण हे दोन भाग सलग पाहिले तरच जड जातात. एका संध्याकाळी एकच भाग ठेवला आणि मुलाच्या हाती कागद-पेन्सिल देऊन नकाशा काढायला सांगितला की गाडी पुढे सरकते: जंगल, शहर, तळे, डोंगर, गुहा, कोण कुठे आहे, कोण कमी झाले. पाचव्या भागात हत्यार उचलायला तयार नसलेल्या थालांशी इयनचे जे भांडण होते ते मात्र सांभाळून दाखवावे लागते. लढायचे नाही हा थालांचा निश्चय आहे आणि त्यांच्या प्रमुखाला डिवचण्यासाठी इयन त्यांच्यातल्या एका मुलीला डालेकांच्या हवाली करण्याची धमकी देतो. बहुतेक मुलांना इयन आवडू लागलेला असतो, म्हणून हे त्यांना खटकते. खटकू द्यावे. आपण बाजू घेऊ नये. दुसऱ्या दिवशी पुढचा भाग लावण्याआधी दोन मिनिटे त्यावर बोलावे, एवढे पुरते.

डॉक्टर खोटे बोलतो, हेही या कथेतले अवघड सत्य आहे. शहर पाहायची इच्छा भागवण्यासाठी तो फ्लुइड लिंकमधला पारा संपल्याची बतावणी करतो आणि त्यामुळे चौघेही किरणोत्साराने आजारी पडतात. विल्यम हार्टनेलचा हा डॉक्टर नंतरच्या डॉक्टरांसारखा दिलासा देणारा नाही, तो हट्टी आजोबा आहे. नवी मालिका पाहिलेली मुले इथे गोंधळतात. त्यांना आधी एवढेच सांगावे की हा माणूस अजून शिकतो आहे.

आता आपल्याकडे आमच्या मागण्या.

पहिली मागणी मांडणीची. जिथे जिथे ही कथा उपलब्ध कराल तिथे सात भागांची मूळ आवृत्ती वर ठेवा आणि रंगीत संक्षिप्त आवृत्ती तिच्या खाली, स्पष्ट नाव देऊन. आज मुलाने किंवा त्याच्या मावशीने नाव शोधले की आधी काय दिसेल यावरच बहुधा काय पाहिले जाईल ते ठरते. पहिल्या भागाच्या चौकटीत डालेकचे छायाचित्र लावू नका. जंगल लावा, शहर लावा. आणि भाग संपताच पुढचा आपोआप सुरू होण्याची जी सोय असते ती जुन्या कथांपुरती बंद ठेवा. शेवटचे संगीत चालू असताना चित्र कोपऱ्यात आकसते तेव्हा पुढच्या भागाचे नाव वाचता येत नाही. रॉन ग्रेनर यांची धून, बीबीसीच्या रेडिओफोनिक कार्यशाळेत डेलिया डर्बीशायर यांनी फितीचे तुकडे जोडून साकारलेली, पूर्ण वाजू द्या. मुले त्या धुनीवर ताल धरतात. ती कापल्याने भाग अर्धवट तुटल्यासारखा वाटतो.

दुसरी मागणी चित्राची, आणि इथे आम्हाला जास्त बोलायचे आहे, कारण 'जुने म्हणून वाईट दिसते' हा गैरसमज बराचसा यातून आला आहे.

'द डालेक्स' चित्रित झाली ४०५ रेषांच्या व्हिडिओवर, सेकंदाला ५० क्षेत्रे, म्हणजे एकाआड एक रेषांची अर्धी चित्रे. त्या काळी चालणारे चित्र आजच्या क्रिकेट सामन्याच्या प्रक्षेपणासारखे गुळगुळीत दिसे. मूळ फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. आज हाती आहे ती परदेशी विक्रीसाठी पडद्यावरून १६ मिलिमीटर फिल्मवर उतरवलेली प्रत, आणि त्या उतरवण्यात ५०ची २५ झाली. म्हणून हालचाल तुटक दिसते आणि मुलाला वाटते की जुन्या काळी माणसे अशीच चालत. व्हिडफायर नावाची प्रक्रिया मधली हालचाल गणिताने भरून काढून पुन्हा ५०चा गुळगुळीतपणा आणते. या कथेच्या डीव्हीडीवर ती झालेली आहे. ईलिंगच्या स्टुडिओत फिल्मवर घेतलेले तुकडे मात्र मुळातच २५चे, ते तसेच ठेवणे योग्य. आमचे मागणे असे की तुम्ही देत असलेल्या प्रत्येक ऑनलाइन आवृत्तीवर स्पष्ट लिहा: व्हिडफायर केलेले आहे की नाही, आणि प्रसारण सेकंदाला ५० चौकटींचे आहे की २५चे. ५०ची आवृत्ती २५मध्ये पाठवली तर सारी मेहनत वाया जाते. हे सर्रास घडते आणि पाहणाऱ्याला कारण कळत नाही.

घरच्या बाजूने काय करावे तेही इथेच लिहितो, कारण हे पत्र आमच्यासारखे इतरही वाचतील. टीव्हीतली 'मोशन स्मूदिंग' बंद करा. प्रत्येक कंपनी तिला वेगळे नाव देते, पण चित्राच्या प्रगत सेटिंगमध्ये ती सापडते. ती व्हिडफायरचे काम करत नाही. फिल्मच्या कणांनाही ती हालचाल समजते आणि हलणाऱ्या कडांभोवती चित्र विरघळल्यासारखे होते. चित्राचे माप ४:३ ठेवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्याच पाहिजेत. पडदा भरण्यासाठी ताणले तर डालेक बुटका आणि जाडा होतो, आणि मोठे करून कापले तर डोक्यावरचे दिवे व खालची जमीन दोन्ही जातात. नेमकी जमीनच या कथेत महत्त्वाची. चकाकी कमी करा, 'विव्हिड' छाप रंगसंगती नको. कृष्णधवल चित्रात काळा रंग करडा दिसू लागला तर प्रखरता उतरवा.

चकत्या विकत घेणाऱ्यांनी प्रदेश-क्रमांक पाहावा. ब्रिटनची डीव्हीडी प्रदेश २, भारत प्रदेश ५. ब्ल्यू-रेमध्ये ब्रिटन बी, भारत सी, अमेरिका ए. भारत आणि ब्रिटन दोन्हीकडे ५० हर्ट्झ असल्याने प्रदेशाचे कुलूप नसेल तर चित्र जसेच्या तसे येते. अमेरिकेत मात्र ५०चे ६० करताना बाजूला सरकणारा कॅमेरा अडखळतो. तिथल्या आमच्या मंडळींनी ५० हर्ट्झ सरळ स्वीकारणारा टीव्ही व प्लेयर आहे का ते आधी तपासावे.

आवाज एकमार्गी (मोनो) आहे. 'सराउंड' बंद ठेवा, नाहीतर संवाद खोलीच्या कोपऱ्यांत विरतात. डालेकांचे आवाज पीटर हॉकिन्स आणि डेव्हिड ग्रॅहम यांचे, रिंग मॉड्युलेटर या आवाज यांत्रिक करणाऱ्या उपकरणातून काढलेले. ते लहान स्पीकरवर फुटतात आणि शब्द कळत नाहीत. साउंडबारवर 'डायलॉग' किंवा रात्रीचा पर्याय लावला तर बराच फरक पडतो.

रंगाबद्दल आमची तक्रार रंग भरण्याबद्दल नाही. रंग भरायचे तर सातही भागांना भरा, आणि बटण दाबून कृष्णधवलवर परत येता येईल असे द्या. 'द आर्क इन स्पेस'च्या चकतीवर आपणच नवी दृश्ये ऐच्छिक ठेवली होती. मुलाने एकदा जुने, एकदा नवे असे दोन्ही पाहून स्वतः ठरवले, ही पद्धत फार चांगली आहे. आणि मुलाला खरोखर रंगीतच हवे असेल तर सुरुवातीला 'स्पिअरहेड फ्रॉम स्पेस' पुढे करा. जानेवारी १९७०ची ही चार भागांची कथा स्टुडिओतल्या संपामुळे संपूर्ण फिल्मवर चित्रित झाली, त्यामुळे ती खऱ्या अर्थाने हाय डेफिनिशनमध्ये उपलब्ध आहे. दुकानाच्या काचेतले पुतळे रस्त्यावर उतरतात तो प्रसंग आजही अंगावर काटा आणतो. त्यानंतरच्या, १९७०च्या दशकातल्या बहुतेक कथांत स्टुडिओ व्हिडिओवर आणि बाहेरची दृश्ये १६ मिलिमीटरवर असतात. दार उघडून पात्र बाहेर आले की चित्राचा पोत एकदम बदलतो. मुले हे हमखास विचारतात. त्यांना खरे कारण सांगावे, ते त्यांना आवडते.

चुका पुसू नका, ही आमची कळकळीची विनंती. त्या काळी फिती कापणे-जोडणे महाग आणि किचकट असल्याने भाग जवळपास सलग, नाटकासारखे चित्रित होत. त्यामुळे हार्टनेल एका ठिकाणी किरणोत्सारावरच्या औषधाऐवजी हातमोजे म्हणतात आणि लगेच सावरतात. नियंत्रण कक्षात मागच्या रांगेतले डालेक पुठ्ठ्यावरची छायाचित्रे आहेत. खरे डालेक चारच होते, रेमंड क्युसिक यांच्या आराखड्यावरून शॉक्राफ्ट या कंपनीने बनवलेले. मुलाला ती छायाचित्रे एकदा ओळखू आली की ते प्रत्येक दृश्यात मागची रांग तपासते. आत बसलेला माणूस पायांनी ढकलत डालेक चालवतो, डोक्यावरचे दिवे तोच लावतो आणि आवाज मात्र बाहेरून दुसरा माणूस देतो, म्हणून दिवा आणि शब्द यांचा मेळ मध्येच चुकतो. वस्तू कशी घडली हे दिसणे हा या मालिकेतला मोठा आनंद आहे. इयनवर गोळी झाडली जाते तेव्हा सगळे चित्र निगेटिव्ह होते. एवढ्याशा युक्तीने पाय लुळे पडल्याचा धक्का आजही बसतो.

भीतीचे काय, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि त्यावर आपल्याकडून नेमकी मदत हवी आहे. 'सौम्य हिंसा' एवढ्या दोन शब्दांनी काही कळत नाही. भागनिहाय, कथा न फोडता लिहा: अंधारी बंद वाट, अदृश्य आजार, उंचावरून पडणे, गळा आवळणे. आमच्या निरीक्षणात आठ वर्षांच्या मुलांना डालेकांपेक्षा किरणोत्साराचा आजार जास्त भिववतो, कारण त्याला दार बंद करून अडवता येत नाही. दुसरा भाग झोपायच्या वेळेला लावू नये, एवढे सांगितलेले चांगले. 'जेनेसिस ऑफ द डालेक्स' ही १९७५ची सहा भागांची कथा अनेकजण उत्साहाने लगेच पुढे लावतात. ती उत्कृष्ट आहे, पण सुरुवातच गॅसमास्क घातलेले सैनिक गोळ्यांनी कोसळण्याने होते आणि डालेकांचा निर्माता डॅव्हरॉस याचा चेहरा लहानांच्या मनात घर करतो. दहा-अकरा वर्षांखाली आम्ही सुचवणार नाही. तोवर १९७९ची 'सिटी ऑफ डेथ' आहे. चार भाग, पॅरिस, सहा जादा मोनालिसा, भरपूर धमाल.

भीतीचा उपाय म्हणून मूळ प्रत कापणे किती महाग पडते याचा अनुभव आपल्याकडे आहे. १९७६च्या 'द डेडली असॅसिन'च्या तिसऱ्या भागाचा शेवट, डॉक्टरचे डोके पाण्याखाली धरलेले असतानाच थिजलेली चौकट, तक्रारींनंतर मूळ फितीतूनच काढला गेला. पुढे तो दुसऱ्या प्रतीवरून भरून काढावा लागला. इशारा द्या, वयाची शिफारस द्या, पण मूळ प्रतीला हात लावू नका.

काही कथांत अडचण भीतीची नाही, दृष्टीची आहे. १९७७च्या 'द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग'मध्ये चिनी जादूगाराची भूमिका रंगरंगोटी केलेल्या इंग्रज नटाने केली आहे. अशा ठिकाणी कथा लपवण्यापेक्षा आधी दोन-तीन मिनिटांचे निवेदन द्या, जे मोठ्यांनी मुलांसमोर लावता येईल. भारतीय मुलांना हा मुद्दा पटकन समजतो. त्याच निवेदनमालेत वारिस हुसेन यांच्याबद्दलही सांगा. मालिकेचा अगदी पहिला भाग दिग्दर्शित करणारा हा तरुण लखनौत जन्मलेला होता, निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट होत्या, आणि १९६३च्या बीबीसीत या दोघांना आपली जागा कमवावी लागली. हुसेन यांच्याच 'मार्को पोलो'चे सातही भाग आज हरवलेले आहेत, फक्त आवाज आणि स्थिरचित्रे उरली आहेत. आपल्या घरातल्या मुलीला हे ऐकवले की श्रेयनामावलीतले ते नाव ती थांबून वाचते.

शेवटची मागणी भाषेची. आठ वर्षांच्या, मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला १९६०च्या दशकातले इंग्रजी झेपत नाही आणि शेजारी बसून सतत कुजबुजत सांगण्याने चित्राची मजा जाते. मराठी उपशीर्षके आपण स्वतः बनवावीत अशी आमची अपेक्षा नाही. ती आम्ही करू. आम्हाला हवी आहे वेळखुणांसह अचूक इंग्रजी संहिता आणि ती भाषांतरित करून मोफत वाटण्याची लेखी परवानगी. मुलांसाठीच्या उपशीर्षकाला आम्ही काही पथ्ये पाळू: एका वेळी दोनच ओळी, ओळीत पस्तीस अक्षरांच्या आत, सहा-सात शब्दांना किमान तीन सेकंद, कारण नुकते वाचू लागलेले मूल मोठ्यांच्या निम्म्या वेगाने वाचते. डालेकांचे संवाद तुटक आहेत, तिथे सलग वाक्य न करता शब्दाशब्दाने पाडू. आणि किंकाळीच्या किंवा पंजाच्या वेळी पडद्यावर एक अक्षरही ठेवणार नाही.

सुरुवात 'द डेड प्लॅनेट'पासून करू. त्या एका भागाची संहिता आणि परवानगी मिळाली तरी पुढच्या सहांचा नमुना आम्ही आपल्याला तपासायला पाठवू.

आपले,
घरातल्या मुलांसोबत जुने 'डॉक्टर हू' पाहणारे मराठी प्रेक्षक